इथे कॉलेज सुरू केलंय आणि आता अमेरिकेत जायचंय? गोव्यातून ट्रान्सफर अर्ज कसा करायचा

बारावीनंतर थेट अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी माहिती ढीगभर आहे, मास्टर्सला जाणाऱ्यांसाठी तर त्याहून जास्त. पण इथे बीए-बीएस्सी-बीकॉमला ॲडमिशन घेतलं, वर्ष-दीड वर्ष झालं आणि मग जावंसं वाटलं, अशा मधल्या मुलांना कोणी धड सांगत नाही. मी त्यातलीच. डिचोलीची, इथे बीएस्सी जिओलॉजीची दोन वर्षं केली, चौथ्या सेमिस्टरला असताना अर्ज केले आणि ऑगस्टमध्ये तिकडे थर्ड इयरसारख्या जागी जाऊन बसले. मला जे कळायला आठ महिने लागले ते तुम्हाला एका बैठकीत कळावं म्हणून लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते. अर्ज अमेरिकेत जातो, पण खरं काम इथल्या तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात होतं. सगळे जण आधी निबंध लिहायला बसतात आणि कागद शेवटच्या आठवड्यात मागतात. उलटं करा.

१. तुम्ही फ्रेशमन की ट्रान्सफर, हे आधी विचारून घ्या

बारावीनंतर कॉलेजला नाव घातलं आणि परीक्षा दिल्या की बहुतेक अमेरिकन युनिव्हर्सिट्या तुम्हाला ट्रान्सफर धरतात. काही ठिकाणी ठरावीक क्रेडिटपेक्षा कमी झाली असतील तर फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाला नव्याने येणारा, म्हणूनच अर्ज करायला लावतात, आणि ती रेषा प्रत्येकाची वेगळी. हार्वर्डचंच घ्या, तिथे ट्रान्सफरसाठी एक पूर्ण वर्ष झालेलं पाहिजे आणि दोनाच्या वर गेलेलं नको. म्हणजे थर्ड इयरला पोचलात की तो दरवाजा बंद. यादीतल्या प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशन ऑफिसला दोन ओळींचा ईमेल टाका, मी इतकी सेमिस्टर केलीत, मी कुठल्या प्रकारात बसते? उत्तर येतं, आणि ते उत्तर जपून ठेवा.

मोठा धोका इथेच आहे. "कॉलेजचं सांगूच नको, बारावीवरून फ्रेशमन म्हणून टाक" असं सांगणारे एजंट भेटतील. मलाही एकाने सांगितलं होतं. अर्जात तुम्ही आधी कुठे कुठे शिकलात ते सगळं विचारतात आणि खाली सही घेतात. लपवलेलं नंतर उघड झालं तर ॲडमिशन रद्द होते, तिथे शिकत असताना झालं तरी. एक केटी लागली म्हणून कॉलेज लपवण्यापेक्षा केटी का लागली ते सरळ लिहिलेलं कितीतरी बरं.

२. किती क्रेडिट जातील त्याचा हिशोब

अमेरिकेत बॅचलर्स म्हणजे साधारण १२० सेमिस्टर क्रेडिट, वर्षाला ३०. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानंतर वर्षाला ४० आणि चार वर्षांचे १६०. त्यामुळे तुमचे ८० म्हणजे तिकडचे ८० नाहीत, दोन वर्षांचे फार तर ६०च्या आसपास धरून चला आणि तेही सगळं मान्य झालं तर. क्वार्टर पद्धतीच्या ठिकाणी ९० लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, ९० क्वार्टर म्हणजे ६० सेमिस्टर.

आता यातली मेख. क्रेडिट जातात, मार्क जात नाहीत. तुमचा इथला ए प्लस तिकडे ॲडमिशन मिळवायला उपयोगी पडतो, पण तिकडचा जीपीए शून्यापासून सुरू होतो. आणि सी ग्रेडच्या खालचा विषय सहसा धरतच नाहीत. शिवाय मान्य झालेलं क्रेडिट कुठे जमा होतं ते बघा. माझे मिनरॉलॉजीचे क्रेडिट सुरुवातीला नुसते 'इलेक्टिव्ह' म्हणून जमा झाले, म्हणजे संख्येत मोजले पण मेजरला उपयोग शून्य, तोच विषय परत करायची पाळी आली असती. त्याचं काय केलं ते शेवटी सांगते. व्हॅल्यू ॲडेड आणि स्किलचे जे छोटे कोर्स आपण करतो ते तर बऱ्याचदा बाहेरच राहतात. आणि डिग्रीसाठी ठरावीक क्रेडिट, काही ठिकाणी तर निम्मे, त्यांच्याकडेच करावे लागतात, तेव्हा इथली तीन वर्षं करून तिकडे एका वर्षात डिग्री, असं सहसा होत नाही. माझ्या मते दोन वर्षांनंतर जाणं हे शेवटचं शहाणं टोक.

३. कुठे अर्ज करायचा

कॉमन ॲपवर (बऱ्याच युनिव्हर्सिट्यांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाइट) ट्रान्सफरचा अर्ज वेगळा असतो, खातं उघडताना ट्रान्सफर निवडा. फॉल म्हणजे ऑगस्टच्या सत्राची ट्रान्सफरची तारीख बऱ्याच ठिकाणी मार्चच्या आसपास असते, पण यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा) अर्ज त्यांच्याच पोर्टलवर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरावा लागतो. यूसी ट्रान्सफर घेतात भरपूर, पण प्राधान्य कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या) मुलांना. परदेशातून थेट जाणाऱ्याने तिथे एखादाच अर्ज टाकावा, सगळी आशा टाकू नये.

कम्युनिटी कॉलेजचा मार्ग कमी लेखू नका. इथून तिकडच्या कम्युनिटी कॉलेजला जायचं, तिथून दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीत. फी बरीच कमी पडते, आणि सहा यूसी कॅम्पस तर कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजवाल्यांना अटी पूर्ण केल्या की प्रवेशाची हमी देतात. ज्याचं इथे एकच सेमिस्टर झालंय त्याने हा विचार जरूर करावा.

फुकट आणि खरा सल्ला हवा असेल तर एज्युकेशन-यूएसए. अमेरिकन सरकारचंच नेटवर्क आहे, मुंबईत केंद्र आहे, ऑनलाइनही बोलतात.

४. कागद

यादी करून भिंतीला चिकटवा:

- दहावी-बारावीची मार्कलिस्ट, गोवा बोर्डाची. कॉलेजला असलात तरी मागतात
- सगळ्या सेमिस्टरची ग्रेड कार्डं, दोन्ही बाजूंची झेरॉक्स, कारण ग्रेडचा खुलासा बऱ्याचदा मागे छापलेला असतो
- ऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेडचा एकत्र दाखला), बंद लिफाफ्यात, किमान सहा-सात प्रती
- तुम्ही केलेल्या प्रत्येक विषयाचा सिलॅबस, तुमच्या वर्षाचा, तासांसकट
- कॉलेज रिपोर्ट आणि मिड-टर्म रिपोर्ट, याबद्दल खाली
- दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं
- इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर
- पासपोर्ट
- बँकेची कागदपत्रं
- लसीकरणाचा दाखला. एमएमआरचे दोन डोस झालेत का ते आईला आताच विचारा, लहानपणीचं कार्ड सापडत नाही हे जुलैत कळलं तर धावपळ होते

ओरिजिनल कुठेच पाठवायचं नाही. मायग्रेशन सर्टिफिकेट मला एकाही ठिकाणी मागितलं नाही, तेव्हा ते काढायच्या नादात इथलं नाव कमी करून घेऊ नका.

५. कॉलेजच्या ऑफिसात

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझे सगळ्यात जास्त दिवस इथेच गेले.

आपल्याकडे शिकवतं कॉलेज आणि डिग्री देतं ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ. मडगावच्या चौगुले कॉलेजसारखं स्वायत्त कॉलेज असेल तर परीक्षेचं सगळं तेच बघतात. त्यामुळे 'ऑफिशियल' ट्रान्सक्रिप्ट कोणाचं, कॉलेजचं की विद्यापीठाचं, हा पहिला प्रश्न. काही अमेरिकन युनिव्हर्सिट्यांना कॉलेजचं चालतं, काही म्हणतात परीक्षा घेणाऱ्या संस्थेचंच पाहिजे. त्यांना विचारा आणि त्यांचं उत्तर छापून ऑफिसात न्या. तोंडी सांगितलं की काउंटरवरून "फाल्यां यो" (उद्या ये) हेच ऐकायला मिळतं, हातात कागद असला की आत बोलावतात.

लिफाफा बंद म्हणजे बंद. फ्लॅपवर शिक्का आणि सही अर्धी आत अर्धी बाहेर अशी आली पाहिजे. माझा पहिला संच घेऊन मी घरी आले, बाबांनी काळजीपोटी "नाव बरोबर आलंय ना बघूया" म्हणून सुरीने अलगद एक लिफाफा उघडला. झालं, ते ट्रान्सक्रिप्ट अनऑफिशियल. परत अर्ज, परत फी, परत बारा दिवस. म्हणून एक प्रत उघडी मागून घ्या, ती तपासा, आणि मगच बाकीची बंद करून घ्या. ऑफिस थेट त्यांच्या ईमेलवरून पाठवायला तयार असेल तर फारच छान, पण तो ईमेल कॉलेजच्या डोमेनचा पाहिजे, जीमेलवरून आलेलं बऱ्याच जागी घेत नाहीत.

कॉलेज रिपोर्ट हा कॉमन ॲपचा फॉर्म. तुम्ही चांगल्या स्थितीत शिकताय का, शिस्तभंगाची कारवाई झालीय का, असं कॉलेजच्या अधिकाऱ्याने लिहून द्यायचं असतं. मिड-टर्म रिपोर्ट म्हणजे चालू सेमिस्टरच्या विषयांत आतापर्यंत काय ग्रेड आहे ते प्रत्येक प्राध्यापकाने लिहायचं. आपल्याकडे असं काही नसतंच, त्यामुळे फॉर्म बघून सगळे थबकतात. मी काय केलं, प्रत्येक रकान्याला काय अपेक्षित आहे ते एका पानावर मराठीत लिहून फॉर्मला टाचणीने लावलं आणि हेडक्लार्क बाईंच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. पंधरा मिनिटांत झालं. त्या बाई माझ्यानंतरच्या दोन मुलांना स्वतः सांगत होत्या फॉर्म कसा भरायचा. मिड-टर्मला ग्रेड नसेल तर आयएसएचे (सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेचे) मार्क लिहून घ्या आणि कितीपैकी ते स्पष्ट लिहायला सांगा.

स्वतः टक्क्यांचा जीपीए काढून लिहू नका. इंटरनेटवर कॅल्क्युलेटर असतात, भागिले पंचवीस वगैरे, ते धरत नाहीत. आहे ते आहे तसं लिहायचं. युनिव्हर्सिटीने मागितलं असेल तरच डब्ल्यूईएस, ईसीई अशा संस्थांकडून मूल्यमापन करून घ्या, आणि 'कोर्स बाय कोर्स' प्रकारचंच करा, नुसता डॉक्युमेंटवाला स्वस्त प्रकार ट्रान्सफरला उपयोगी नाही. काही जण मूल्यमापन स्वतःच करतात, तिथे हे पैसे फुकट जातात.

आणि डिसेंबर हा महिना धरूच नका. ३ तारखेला गोंयच्या सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त, १९ला मुक्तिदिन, मग नाताळ आणि सुट्टी सुरू, सही करणारा माणूस सापडत नाही. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की लगेच ऑफिसला लागा, दिवाळीपर्यंत लिफाफे हातात पाहिजेत.

६. नावाचं स्पेलिंग

गोव्यात हा वेगळाच विषय आहे. एकाच घरात आजोबांचं नाईक 'क्यूयूई'ने, बाबांचं 'के'ने. गावकर कोणी 'डब्ल्यू'ने लिहितं कोणी 'ओ'ने. माझं बारावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मध्ये बाबांचं नाव, आणि पासपोर्टवर बाबांचं नाव नाहीच. पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे लिहायचं, अर्जात, परीक्षेला, बँकेत. बाकी कागदांवर वेगळं असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं नोटरीकडून ॲफिडेव्हिट करून ठेवा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर तो आधी दुरुस्त करा, नाहीतर अमेरिकन व्हिसावर तुमचं सगळं नाव आडनाव होतं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) येतं, मग ते आयुष्यभर निस्तरत बसा.

आणि ज्यांच्या घरात पोर्तुगालला जन्मनोंद झालीय त्यांनी डीएस-१६० (अमेरिकन व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरताना दुसऱ्या नागरिकत्वाचा प्रश्न खरा खरा भरावा. तिकडच्या नोंदीतलं स्पेलिंग वेगळं असू शकतं, तेही जुळवून बघा.

७. परीक्षा

टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो, यादीतल्या सगळ्यांना चालणारी एक निवडा. स्कोअर दोन वर्षं चालतो. सॅट ट्रान्सफरला बऱ्याच ठिकाणी लागत नाही, यूसी तर बघतच नाही, पण काहींनी परत सक्तीची केलीय तेव्हा बघून घ्या.

८. निबंध आणि शिफारस

ट्रान्सफरच्या निबंधाचा गाभा एकच, आहे ते सोडून इकडे का येताय. इथे कॉलेजला नावं ठेवू नका. मी पहिल्या खर्ड्यात लॅब नाही, प्रोजेक्ट नाही असं रडगाणं लिहिलं होतं, आमच्या मॅडमनी वाचून शांतपणे परत दिलं आणि म्हणाल्या तुझ्या विहिरीचं लिही. आमच्या घरची विहीर खाणीच्या जवळच्या वाड्यातली. २०१२ला खाणी बंद झाल्या, खंदकात पाणी साठलं, आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीला पाणी किती राहतं ते बघायला आजी दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारून सोडायची. ओली गाठ मोजायची आणि कॅलेंडरवर लिहायची. ती कॅलेंडरं अजून माळ्यावर आहेत. मी त्यातल्या सहा वर्षांचे आकडे एक्सेलमध्ये घातले, आणि भूजलाचं मॉडेलिंग शिकायला मला जिओलॉजीबरोबर गणित आणि कोडिंग एकत्र घेता येईल अशी जागा का हवी ते त्यातूनच आपोआप लिहून झालं. तुमच्याकडेही असं काहीतरी असणार. एजंटकडून तयार निबंध विकत घेऊ नका.

शिफारस देणारे प्राध्यापक तुम्हाला ओळखणारे घ्या, मोठ्या हुद्द्याचे नको. त्यांना तारखेच्या दीड महिना आधी सांगा. लिंक ईमेलवर जाते, स्पॅममध्ये पडते, एकदा समोर बसून उघडून द्या.

९. पैसे

कडू आहे पण ऐका. ट्रान्सफरला, त्यातून परदेशी विद्यार्थ्याला, मदत कमी मिळते. फ्रेशमनसाठी लिहिलेल्या स्कॉलरशिप वाचून हिशोब करू नका, ट्रान्सफरला लागू आहे का ते बघा. फाफ्सा (अमेरिकन सरकारी मदतीचा अर्ज) आपल्यासाठी नाही, ते मुख्यतः तिकडच्या नागरिकांसाठी. मदत देणारी कॉलेजं आपल्याकडून सहसा सीएसएस प्रोफाइल (आर्थिक मदतीचा वेगळा ऑनलाइन अर्ज) मागतात.

आय-२० (व्हिसासाठी लागणारा युनिव्हर्सिटीचा प्रवेशाचा फॉर्म) मिळवायला पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च दाखवावा लागतो, तोही हाताशी असलेला पैसा. बचत, एफडी, मंजूर झालेलं कर्ज. भाट (बागायत), घर, सोनं त्यात धरत नाहीत. तारण ठेवून कर्ज काढणार असाल तर वन-फोर्टीनचा (जमिनीच्या मालकीचा) उतारा आताच काढून बघा. आमची जागा अजून पणजोबांच्या नावावर निघाली, सहहिस्सेदार एकोणीस, आणि इन्व्हेंटरी (कोर्टातून वारसांची वाटणी) झाल्याशिवाय बँक हात लावेना. शेवटी काकांचा फ्लॅट तारण ठेवला. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजनाही आहे, तिच्या अटी आणि तारखा पर्वरीला जाऊन विचारून या. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक कापून घेते तो कर) लागत नाही, स्वतःच्या पैशांना वर्षाला १० लाखांच्या वर लागतो.

१०. आय-२० आणि व्हिसा

ॲडमिशन आलं, डिपॉझिट भरलं, आय-२० आलं की आधी सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी ३५० डॉलर, मग डीएस-१६०, मग व्हिसाची फी १८५ डॉलर. गोव्याला मुंबईचं कॉन्सुलेट. दोन अपॉइंटमेंट असतात, आधी बोटांचे ठसे आणि फोटो, नंतर बीकेसीत मुलाखत. कोकणकन्येने सकाळी उतरून त्याच दिवशी मुलाखतीला जाण्यापेक्षा आदल्या दिवशी पोचा, पावसात कोकण रेल्वे किती वाजता पोचेल सांगता येत नाही. फोन आणि बॅग आत नेता येत नाही. सोशल मीडिया खाती पब्लिक करायला सांगतात आणि डीएस-१६०मध्ये त्यांची नावं भरायची असतात, जुनी विसरलेलीसुद्धा.

ट्रान्सफरवाल्याला हमखास प्रश्न, इथलं अर्धवट का सोडताय? दोन वाक्यांत उत्तर तयार ठेवा, निबंधात लिहिलंय तेच.

व्हिसा हातात येईपर्यंत इथलं ॲडमिशन रद्द करू नका. पुढच्या वर्षाची फी भरायची वेळ आली तर भरा, ते पैसे गेले तरी चालतील. आमच्या बॅचच्या एकाने जूनमध्ये नाव काढलं, व्हिसा नाकारला गेला, आणि परत घेताना त्याचं वर्ष गेलं. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की फायनल ट्रान्सक्रिप्टही पाठवायचं असतं, तेव्हा ऑफिसशी गोडी ठेवूनच निघा.

११. तिकडे पोचल्यावर क्रेडिटसाठी परत मागणी

पहिलं क्रेडिट मूल्यमापन शेवटचं नसतं. ज्या विषयाचं क्रेडिट मिळालं नाही किंवा नुसतं इलेक्टिव्ह म्हणून आलं, त्यासाठी डिपार्टमेंटकडे पिटिशन करता येते. मी मिनरॉलॉजीसाठी केली. विद्यापीठाचा छापील सिलॅबस नेला, आणि सोबत माझं प्रॅक्टिकलचं सर्टिफाइड जर्नल, प्रत्येक पानावर मॅडमची सही आणि तारीख. तिथल्या प्राध्यापकांनी पानं उलटली, थिन सेक्शनच्या आकृत्या बघितल्या, मायक्रोस्कोपवर किती तास केले ते विचारलं आणि मेजरला क्रेडिट दिलं. चार क्रेडिट, म्हणजे एक पूर्ण कोर्स आणि त्याची फी वाचली. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी असाइनमेंट आणि प्रोजेक्ट न्यावेत. हे पहिल्याच सेमिस्टरला करा, पुढच्या सत्राची नोंदणी उघडायच्या आधी, म्हणजे तोच विषय परत घ्यावा लागत नाही. माझी जर्नलं सगळी मिळून तीन किलो भरली होती, चेक-इन बॅगेत सोलां आणि पापडांच्या खाली घालून नेली.